रेझिनचा साचा

साचा म्हटला की तो पोलादाचाच, असं माझे बाबा मानतात. त्यामुळे मी आमच्या नव्या थ्रीडी प्रिंटरवर रेझिनचा साचा छापायला घेतला, तेव्हा त्यांनी नाक मुरडलं. वितळलेलं प्लास्टिक असल्या साच्यात दाबून भरायचं म्हणजे त्यांच्या मते मेणाच्या तव्यावर भाकरी टाकणं. पण मीही त्यांचीच मुलगी, हट्टात काकणभर सरसच.

काम होतं पायाच्या आधारपट्ट्यांना लागणाऱ्या बकलाचं. गिऱ्हाईक नमुने ताणून बघणार होतं, म्हणून ते खऱ्या प्लास्टिकचेच हवे होते, आणि तेही आठवड्याच्या आत. पोलाद कापण्यातच महिना गेला असता. हे काम हातचं गेलं तर बाबा आमच्या प्लास्टिकच्या कारखान्याला कुलूप लावणार होते. तसं त्यांनी आईला सांगूनही टाकलं होतं, मला नाही. मला राग आला तो याचाच.

पहिला साचा मीच घालवला. पोलाद उष्णता झटकन सोडून देतं, रेझिन धरून बसतं. डोक्याला हे पाठ होतं, हाताला नव्हतं. सवयीने मी साचा लगेच उघडला, मऊ बक्कल आत चिकटलं आणि ओढताना साच्याची भिंतच उपटून आली. बाबांनी उपटलेला तुकडा उचलून कचऱ्यात टाकला. बोलले असते तर भांडता तरी आलं असतं.

दुसऱ्या साच्याच्या भिंतींना मी जास्त उतार दिला, म्हणजे बक्कल अलगद सुटेल. शिवाय दर वेळी उघडण्याआधी तो हवेच्या नळीने निववायचं ठरवलं. पण यंत्र मी चालवणार, मग नळी धरणार कोण? मी सरळ बाबांनाच सांगितलं, "नळी धरा. साचा निवेपर्यंत हलवायची नाही."

ज्यांना चहा निवेपर्यंत धीर नसतो, ते बाबा नळी धरून उभे राहिले. मध्येच माझा हात साचा उघडायच्या बटणाकडे गेला. बाबांनी साच्याला बोट लावून पाहिलं.

"थांब. अजून गरम आहे."

शेवटचं बक्कल निघालं आणि साच्याला उभा तडा गेला. मी नमुने घेऊन पळाले. गिऱ्हाइकाने ते जीव खाऊन ताणले. एकही तुटला नाही. काम आमचंच राहिलं.

परत आले तर बाबा तडकलेला साचा तेलाच्या फडक्याने पुसत होते.

"याला गंज चढत नाही, बाबा."

"माहीत आहे. उद्या पोलाद कापायला घेऊ. उतार तुझाच ठेवू."

या खेपेला आईला हे माझ्याकडून कळलं, संध्याकाळी.