खाडीतली म्हैस

तीस वर्षांत ठिणगीताईने काय काय केलं, विचारा. फाटकं केली, खिडक्यांची ग्रीलं केली, शटर केली, जिन्यांचे कठडे केले, चोर चढू नये म्हणून भिंतींवर टोकं लावली आणि मांजर शिरू नये म्हणून जाळ्या ठोकल्या. थोडक्यात काय, तर ज्यातून कुणी आत-बाहेर जाऊ नये असं सगळं केलं. काम इतकं चोख की तिच्या फाटकाची दोन दारं मिटली, की मधून पोस्टकार्डसुद्धा सरकणार नाही. पण त्या फाटकासमोर थांबून कुणी ‘वा!’ म्हटलंय, असं एकदाही झालं नाही. लोक फाटक उघडतात, आत जातात आणि लावून घेतात. संपलं.

लहानपणी वडील वेल्डिंगला बसले की ही पोर ठिणग्या पकडायला धावायची, तेव्हापासून हे नाव. आता वर्कशॉप तिचं आणि तिच्या दादाचं. दादा मोठा, अंगाने रुंद, आणि जीभ अशी की उचलली लावली टाळ्याला.

एक दिवस वर्कशॉपमध्ये आराखडेबाई आल्या. खाडीकाठचा जुना धक्का नव्याने मांडायचं काम शहराने त्यांना दिलं होतं. जिथे नुसता मोडक्या होड्यांचा आणि कचऱ्याचा ढीग होता, तिथे त्यांनी कागदावर पाण्यात उतरत जाणाऱ्या रुंद पायऱ्या काढल्या होत्या, सावलीची झाडं काढली होती, बसायला लांबच लांब ओटे काढले होते. काखेत कागदाची गुंडाळी नाही असं त्यांना कुणी पाहिलंच नाही, म्हणून आराखडेबाई. त्या आल्या होत्या पायऱ्यांच्या कडांना लागणाऱ्या पट्ट्या सांगायला, आणि बघत बसल्या भिंतीकडे. भिंतीवर उरल्यासुरल्या पत्र्यांतून केलेलं म्हशीचं डोकं होतं. त्याच्या शिंगांवर एप्रन लटकत होता.

“हे कुणी केलं?”

“मीच. एप्रन टांगायला खुंटी नव्हती.”

“याला अंग कराल? पाण्यात तरंगेल असं? पायऱ्यांसमोर?”

ठिणगीताईच्या हातातला ब्रश रंगाच्या डब्यात पडला, पार दांड्यासकट.

दादा मात्र हसला. “गेटवालीने गेट करावं! आज म्हैस, उद्या शटरला पाय फुटतील.”

“दादा, आयुष्यभर लोकांना अडवायच्या वस्तू केल्या रे. एक तरी अशी करू दे, जी बघायला कुणी थांबेल.”

यावर दादा चहा आणायला गेला.

धक्क्याच्या कामावर शहराने नेमलेल्या समितीच्या अध्यक्षांना मात्र हंस हवा होता. त्यांच्या मते हंस हा शोभेचा प्राणी, आणि म्हैस ही म्हैस. आराखडेबाईंनी वाद घालून घालून त्यांना टेकीला आणलं, तेव्हा कुठे ते एवढ्यावर आले: म्हैस उद्घाटनाच्या दिवशी सकाळी पाण्यात सोडा, क्रेन तिथेच उभी राहू द्या. दुपारी बारापर्यंत शोभली तर राहील, नाही तर सगळ्यांसमोर उचलून थेट भंगारात.

“पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल म्हणतात ते हेच,” दादा म्हणाला.

ठिणगीताईने तीन महिने जीव ओतला. डोकं मोठं केलं, नुसतं बघत राहावं असं. अर्धवट मिटलेले आळशी डोळे, मागे वळलेली शिंगं, पानासारखे कान. नाकपुड्या म्हणजे मागून बंद केलेले पाइपचे दोन तुकडे. पण अंगापाशी गाडी अडली. तरंगायला पोट पोकळ हवं, म्हणून तिने दोन जुन्या टाक्या जोडल्या, वर पत्रा ठोकला, घासला, पुन्हा ठोकला. टाकी ती टाकीच दिसत राहिली. गाय नाही, म्हैस नाही, गच्चीवरची टाकी.

आणि साखळी! खाडीच्या तळाशी गाडीएवढे दोन काँक्रीटचे ठोकळे सोडले, तेव्हा ठोकळ्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर तिने स्वतः मोजलं. एकदा नाही, तीनदा. फाटकवाल्यांची सवयच ती, तीनदा मोजा, एकदा कापा. वर हातभर साखळी सैल ठेवली, लाटांना. तिन्ही वेळा माप तंतोतंत जुळलं, तेव्हा ती खूश झाली. जुळणारच की! तिन्ही मापं तिने एकाच अर्ध्या तासात घेतली होती, आणि तीही ऐन ओहोटीत. फाटकाखालची जमीन दुपारी वर येत नाही हो. पाणी येतं.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी ओहोटीत क्रेनने म्हैस पाण्यात ठेवली, साखळ्या अडकवल्या. म्हैस बुडली नाही. फारच नाही बुडली. सगळं अंग पाण्यावर, टाकीचे सांधे उन्हात चकाकतायत. अध्यक्ष पायऱ्यांवर उभे राहून बराच वेळ बघत होते.

“हे काय आहे?”

“म्हैस,” ठिणगीताई म्हणाली.

“मला शिंगं असलेली टाकी दिसतेय.” त्यांनी क्रेनवाल्याला खूण केली, की कुठे जाऊ नको. क्रेनवाल्याने आरामात डबा उघडला.

ठिणगीताईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. कारण ते खरं होतं. तिलाही टाकीच दिसत होती.

नऊ वाजले. गर्दी जमली. भरती चढू लागली. आराखडेबाईंनी मुद्दाम पौर्णिमेच्या मोठ्या भरतीचा दिवस निवडला होता, पाणी सहाव्या पायरीला लागावं म्हणून. पाणी पहिल्या पायरीवर आलं, लोक खूश. दुसऱ्या पायरीवर आलं, आणि ठिणगीताईला खडखड ऐकू आली. साखळ्या ताणल्या जात होत्या.

तिने म्हशीकडे पाहिलं, पायऱ्यांकडे पाहिलं, आणि दादाची बाही ओढली.

“दादा.”

“काय?”

“साखळी आखूड आहे.”

“किती?”

“पाणी चढेल तेवढी.”

दादाने कपाळावर हात मारला. साखळीची कडी पाण्याखाली दोन पुरुष खोल. आता तिथे कोण जाणार? पाणी तिसऱ्या पायरीवर, म्हैस जागची हलेना. पाणी चौथ्या पायरीवर, टाकीचा पहिला सांधा गेला, मग दुसरा. गर्दीत कुणीतरी ओरडलं, “बुडतेय, बुडतेय!” अध्यक्षांचं भाषण ‘आपल्या या सुंदर’ एवढ्यावर अडकलं. क्रेनवाला डबा झाकून उठला.

“अजून किती यायचंय पाणी?” ठिणगीताईने विचारलं.

“दोन पायऱ्या,” आराखडेबाई म्हणाल्या. त्यांची गुंडाळी हातात पार चुरगळली होती.

पाचवी. पोट गेलं. सांधे गेले, पत्रा गेला, तीन महिन्यांची सगळी ठोकाठोक गेली. उरली फक्त पाठीची एक काळी रेघ, शिंगं, कान, आणि ते दोन मिटू मिटू डोळे.

सहावी. पाणी नाकपुड्यांना लागलं आणि थांबलं.

एक लाट आली, पाइपच्या तुकड्यांत घुसली, आणि मागून बंद असल्यामुळे तशीच उलटी बाहेर आली.

फुर्र्र्र!

पाण्याचे दोन फवारे थेट अध्यक्षांच्या कोटावर.

“बसली!” एक आजी पहिल्या रांगेतून किंचाळल्या. “अगं बाई, म्हैस बसली!”

आणि मग जे झालं त्याला धरबंध राहिला नाही. पोरं चपला फेकून पाण्यात. पोरांना आवरायला आया पाण्यात. आयांना आवरायला निघालेले बाप गुडघाभर पाण्यात उभे राहून म्हशीला ‘हैक, हैक’ करतायत. पुन्हा लाट, पुन्हा फुर्र, पुन्हा हशा. बँडवाल्यांना कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी वाजवायला घेतलं. आराखडेबाई, ज्यांना कधी कुणी मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं, पोट धरून ओट्यावर आडव्या झाल्या. अध्यक्ष कोट पिळत होते आणि हसू दाबत होते, पण खांदे काही ऐकेनात.

“अहो, ही तर म्हैस आहे!” ते म्हणाले. “मग सकाळची ती टाकी कुठे गेली?”

ठिणगीताई खोटं बोलणाऱ्यातली नव्हे. “साहेब, माझी चूक झाली. साखळीचं माप...”

“पण ओहोटीला ही पुन्हा वर येणार ना?” अध्यक्षांना एकदम आठवलं. “पुन्हा टाकी दिसणार!”

आणि तेवढ्यात दादा पुढे झाला, तोच, शटरला पाय फोडणारा.

“ओहोटीला ती उठते, साहेब,” तो गर्दीला ऐकू जाईल असा म्हणाला. “चोवीस तास पाण्यात बसून राहणारी म्हैस पाहिलीय का कुणी? माझ्या बहिणीने केलीय. ती तीनदा मोजल्याशिवाय काही कापत नाही.”

ठिणगीताईने त्याच्याकडे पाहिलं. दादा खाडीकडे बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

अध्यक्षांनी क्रेनवाल्याला हात केला. जा म्हणाले, घरी जा. क्रेनवाला कुठला जातोय! तो पँट दुमडून सहाव्या पायरीवर उभा होता.

महिन्याभरात धक्क्यावर मोठ्या भरतीच्या वेळांची पाटी लागली. म्हैस बसायच्या वेळेला एवढी झुंबड, की एकदा अध्यक्षच ढकलाढकलीत कमरेपर्यंत पाण्यात गेले. दुसऱ्या दिवशी ते वर्कशॉपमध्ये हजर, मापाची टेप घेऊन.

“ताई, पायऱ्यांच्या दोन्ही कडांना मजबूत ग्रील लागेल. तुमच्याशिवाय कोण करणार?”

ठिणगीताई जमिनीवर बसून पत्र्याचा एक कान कापत होती. कान बराच लहान होता, रेडकाचा असावा तेवढा.

“ग्रीलचं दादा बघतो,” ती मान वर न करता म्हणाली. “मी म्हशीवाली.”