पोचलेला निरोप

मुलीने लाकडी घोडा टेबलाच्या एका टोकाला ठेवला, गाय दुसऱ्या टोकाला, आणि मधल्या मोकळ्या जागेत छोटं कोकरू उभं केलं. ताईंनी काही विचारलं नाही. हा सहावा तास होता आणि पहिल्या पाच तासांत पोरीच्या तोंडून अक्षर निघालं नव्हतं. आज मात्र ती कोकराकडे बघत पुटपुटली, "याला एक निरोप द्यायला सांगितलाय. पण हे देतच नाही."

ताईंनी चेहरा हलू दिला नाही. "असं होय," त्या म्हणाल्या. "जड असेल निरोप."

"आई म्हणाली, बाबांचा फोन आला की सांग, आता घरी येऊ नका म्हणावं. मी नाही सांगितलं. चुकून तोंडातून निघेल ना, म्हणून मी बोलतच नाही."

ताई शाळेच्या समुपदेशक. खेळाचं सामान ठेवायच्या खोलीत त्यांना एक टेबल आणि दोन खुर्च्या मिळाल्या होत्या, त्यामुळे मुलं आपलं दुःख सांगायची ती रबरी चेंडूंच्या वासात. शिक्षकांच्या खोलीत त्यांचं नाव 'खेळवाल्या बाई'. आमची मुलं गणितात गटांगळ्या खातात आणि या त्यांना घोडे-गाई देऊन बसवतात, असा तिथला एकंदर सूर. ताई ते हसण्यावारी नेत. मूल आपणहून बोलेपर्यंत त्याला खोदून विचारायचं नाही, ही पद्धत त्यांनी अकरा वर्षांत सोडली नव्हती. या मुलीच्या बाबतीतही, जरा दटावून बघा, असं वर्गशिक्षिकांनी दोनदा सुचवलं होतं. ताईंनी दोन्ही वेळा कानाडोळा केला.

मुलगी चौथीतली, चार महिने गप्प. डॉक्टरांनी घसा तपासून काही नाही म्हणून सांगितलं होतं. वडील परगावी नोकरीला, शनिवारी घरी यायचे, रविवारी परत जायचे. ताईंकडच्या अर्जात 'ध्येय' म्हणून एक रकाना असतो. त्यात आईने लिहिलं होतं, 'पूर्वीसारखी बोलू लागावी.' खाली दोघांच्या सह्या होत्या.

आणि ती बोलली. त्या दिवशी ताई घरी गेल्या त्या हवेतच. शाळेचा नियम असा की सहा तास झाले की आई आणि वडील दोघांनाही प्रगतीचा अहवाल जातो, एकेक प्रत. समुपदेशन शिकताना ताईंच्या मनावर बिंबवलं होतं की मुलाचं बोलणं आपल्या शब्दांत फिरवू नये, जसंच्या तसं लिहावं. ताईंनी तसंच लिहिलं. घोडा, गाय, कोकरू, निरोप, सगळं अवतरणात. खाली लिहिलं, 'ध्येयाच्या दिशेने पहिले पाऊल.' पोर बोलली याचाच आनंद इतका झाला होता की ती काय बोलली, इकडे त्यांचं लक्षच गेलं नाही.

मध्ये परीक्षा आल्या. परीक्षा संपल्यावर मुलीची आई एकटीच भेटायला आली. बसा म्हटलं तरी बसेना. दोन शनिवार झाले, हिचे बाबा आले नव्हते. अहवाल हातात पडला तेव्हा त्यांनी एकदाच फोन केला होता. माझ्या येण्यापायी पोरीला मुकं व्हावं लागत असेल तर मी येत नाही, एवढंच म्हणाले आणि ठेवला. त्यानंतर ते बायकोचा फोन उचलत नव्हते.

"मी रागात बोलून गेले होते हो," आई म्हणाली. "मला वाटलं, हिनं सांगितलं असेल. आणि सांगूनसुद्धा ते येतायत, म्हणजे अजून आमच्यात जीव आहे त्यांचा. शनिवारी मी मुकाट्यानं दार उघडत होते."

इथलं इथेच राहतं, असं ताई प्रत्येक मुलाला पहिल्याच दिवशी सांगत. हिलाही सांगितलं होतं. आठ-नऊ वर्षांच्या पोरीने चार महिने दातांखाली धरून ठेवलेलं त्यांनी शाळेच्या शिक्क्यानिशी पोचतं केलं होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

त्यांनी वडिलांना फोन लावला. तिसऱ्या खेपेला त्यांनी उचलला. ताईंनी सगळं सांगितलं. आई रागात बोलली होती, दर शनिवारी वाट बघत होती, चूक माझी आहे.

"तुमचा काही दोष नाही, ताई," ते म्हणाले. "तुम्ही तिचेच शब्द लिहिलेत." आणि कामाची वेळ झाली म्हणून त्यांनी फोन ठेवला.

सातव्या तासाला मुलगी वेळेवर आली. प्राण्यांना तिने हात लावला नाही. ताईंनी रंग काढून दिले, मग मातीचा गोळा दिला. बाबांना पत्र लिहायचं का, म्हणून विचारलं. मुलीने मान हलवून नको म्हटलं. शेवटी ताई आपली खुर्ची सोडून तिच्याजवळ खाली बसल्या.

"तू सांभाळून ठेवलेलं मी सांगून टाकलं," त्या म्हणाल्या. "माझं चुकलं, बाळा. फार चुकलं."

मुलीने ऐकलं. ती रडली असती, चिडली असती, मातीचा गोळा फेकून मारला असता, तर पुढे काय करायचं ते ताईंना ठाऊक होतं. ती नुसती बसून राहिली. बाहेर कुठल्यातरी वर्गात पाढे चालले होते. दोघी ते ऐकत राहिल्या आणि तास तसाच संपला.

घंटा झाल्यावर मुलगी उठली. दारापाशी थांबून तिने ताईंकडे वळून पाहिलं आणि हसली. वर्गशिक्षिका, शिपाई, वर्गातल्या मुली, कुणीही काही विचारलं की ती असं ओठ मिटून शहाण्यासारखं हसते, हे ताई मधल्या सुट्टीत कितीतरी वेळा लांबून बघत आल्या होत्या. आजवर त्यांच्याकडे बघून ती तशी कधीच हसली नव्हती.

मग तिने बाहेरून दार हळूच ओढून घेतलं.