बाहेरची मिनिटं

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई पिटूचा चष्मा पुसत म्हणाल्या, "सहा महिन्यांत नंबर दुप्पट झालाय. हिला रोज तासभर बाहेर, उजेडात ठेवा. मिनिटं वहीत लिहा आणि तीन महिन्यांनी वही घेऊन या."

सहा वर्षांच्या पिटूला त्याचं काहीच नव्हतं. घाबरले ती मी, तिची आई. घरी पोचेपर्यंत मी तिला स्वतःच्या लग्नात जाड भिंगांमधून नवरा चाचपडत शोधताना पाहून घेतलं होतं.

त्याच दिवशी वही आणली आणि पिशवी भरली. टोपी, पाणी, उन्हाचं मलम, डासांचं मलम, पडलं तर लावायचं मलम, ओले रुमाल, कोरडे रुमाल, जादा मोजे आणि एक शिट्टी.

"शिट्टी कशाला?" नवऱ्याने विचारलं.

"हरवली तर वाजवेल."

"समोरच्या बागेत? अगं, तिथून आपला वाळत घातलेला टॉवेल दिसतो."

सासूबाईंनी पिशवी उचलून पाहिली. "बाकावर बसायला जायचंय ना? की बाकच उचलून आणायचाय?"

मलमं लावून, मोजे चढवून, ऐनवेळी पिटूला शू लागली म्हणून सगळं उतरवून पुन्हा चढवून आम्ही खाली उतरेपर्यंत ऊन शेजारच्या इमारतीमागे पसार झालेलं असायचं. सोमवार, नऊ मिनिटं. मंगळवार, सहा. बुधवार, शून्य; मलम डोळ्यात गेलं. गुरुवारी मी खिडकीत उभं राहण्याची वीस मिनिटं लिहिली आणि लगेच खोडली. डॉक्टरीणबाईंना फसवता आलं असतं, नंबराला कसं फसवणार?

महिना असाच गेला. मग एका दुपारी मी घरातल्याच चपलांवर कचरा टाकायला खाली गेले. डब्याचं झाकण लावून वळते, तर मागे पिटू. अनवाणी. ना टोपी, ना मलम.

"आई, हलू नकोस! तुझ्या पायाशी मुंग्या सामान हलवतायत."

बिस्किटाचा एक तुकडा आणि त्याखाली पन्नासेक मुंग्या. वर धावत जाऊन पिशवी आणावी असं फार वाटलं. पण पिटूला एकटं कसं सोडणार? आणि तिला वर नेलं असतं तर तिने इमारत डोक्यावर घेतली असती. मी पायरीवर बसले. हातांना काही काम नव्हतं, त्यामुळे ते उगाच एकमेकांना पुसत राहिले.

थोड्या वेळाने सासूबाई वाटाण्याच्या शेंगांची परात घेऊन अवतरल्या. "कचरा टाकायला गेलीस की कचऱ्याबरोबर गेलीस?" असं म्हणत शेजारी बसल्या आणि अर्ध्या शेंगा माझ्या ओटीत ओतल्या.

"आई, हिच्या पायात मोजे नाहीयेत," मी पुटपुटले.

"तुझा नवरा दहा वर्षांचा होईपर्यंत अनवाणी हिंडला."

"म्हणूनच त्याला अजून मोज्यांची जोडी सापडत नाही."

झालं, जुंपली. मोज्यांवरून टोपीवर, टोपीवरून वहीवर आणि तिथून थेट माझ्या बाळंतपणावर. आवाज चढत होते, शेंगा सोलल्या जात होत्या. पिटूने मुंग्यांना एक वाटाणा देऊ केला. त्यांनी तो नाकारला.

नवरा कामावरून परतला तो फाटकातच थबकला. "काय झालं? सगळ्या खाली का?"

"बस आणि सोल," आम्ही दोघी एकदमच म्हणालो. तो ऑफिसची बॅग मांडीवर घेऊन बसला.

घड्याळ पाहिलं तर एक तास दहा मिनिटं! आणि आम्ही कुठे गेलोच नव्हतो.

त्यानंतर 'बाहेर जायचं' हे मी बंदच केलं. जे काम घरात करायचंच असतं, ते पायरीवर न्यायचं, एवढंच. पिशवी खुंटीला लटकून राहिली. नाही म्हणायला, पडलं तर लावायचं मलम मी अजून कमरेला खोचते.

तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी पिटूला तपासलं, मग वही उघडली. सासूबाई माझ्या शेजारीच बसल्या होत्या.

"शेंगा, पस्तीस मिनिटं. नखं कापणे, दहा. बाबांचा फोन, पंधरा. सासूबाईंशी भांडण, चाळीस..." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "हे आठवड्यातून चार वेळा?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"पाच वेळा," सासूबाई म्हणाल्या. "रविवारचं हिने लिहिलेलं नाही."

डॉक्टरीणबाईंनी वही मिटली. "नंबर आहे तेवढाच आहे. चालू ठेवा."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला रडूच आलं. सासूबाईंनी ते पाहिलं. शेवटच्या पायरीवर त्या थांबल्या आणि पिटूच्या पायांकडे बोट करून म्हणाल्या, "एवढ्या उन्हात हिला मोजे घातलेस?"

मी वहीसाठी घड्याळ पाहिलं. सव्वाचार.

"हो, घातले. मग?" मी म्हटलं.