हासेलकोपचा थांबा

डिसेंबरातल्या एका गुरुवारी एशेनटालचा पूल बंद झाला. ती बातमी रेडिओला कळवणारा माणूस मीच होतो. महामार्गाच्या नियंत्रण केंद्रात भिंतभर स्क्रीनसमोर बसायचं, कुठे किती गाड्या तुंबल्यात ते बघायचं, वेगमर्यादेचे फलक बदलायचे आणि दर अर्ध्या तासाने चार ओळी लिहून पाठवायच्या, हे माझं एकवीस वर्षांचं काम. त्या दिवशी लिहिलं, ‘पुलाला तडे. दोन्ही दिशा बंद. मुदत सांगता येत नाही.’ मला वाटलं होतं, दोन आठवडे. इंजिनिअर आले, ठोकून बघून गेले आणि म्हणाले, पाच वर्षं. पाडून नवाच बांधावा लागेल.

माझी बायको आल्मुट दरीच्या पलीकडे विंकलबाखच्या इस्पितळात रक्त तपासायचं काम करते. आमचं गाव होल्टरोडे दरीच्या अलीकडे. माझं ऑफिस घरापासून दहा मिनिटांवर, त्यामुळे मला काहीच फरक पडला नाही. तिची मात्र पंचवीस मिनिटांची वाट सव्वा तासाची झाली. चाळीस-चाळीस टनी ट्रकांसकट सगळी वाहतूक दरीतल्या एका गावाच्या अरुंद रस्त्यावरून जायला लागली. तिथल्या लोकांच्या कपाटातल्या बशा दिवसभर वाजत असायच्या म्हणे.

तीन महिने ती एकटीच गाडी घेऊन गेली. मार्चमध्ये एकदा जेवताना म्हणाली, “उद्यापासून मी फोल्कमारबरोबर जाणार आहे. एक आठवडा तो पेट्रोल भरेल, एक आठवडा मी.”

फोल्कमार आमच्याच गल्लीत, चार घरं सोडून राहायचा. पन्नाशीचा, घटस्फोट झालेला, मान पुढे काढून चालणारा माणूस. विंकलबाखला दातांच्या कवळ्या बनवायचा. त्याची जुनी निळी गाडी सगळ्या गावाला ठाऊक होती, कारण छपरावरची लाल पेटी तो बारा महिने काढत नसे. मी म्हटलं, “चांगलंच झालं.” खरंच तसं वाटलं होतं. कवळ्या करणाऱ्याचा कोण मत्सर करणार?

पण दोन आठवड्यांत सकाळी ती चार पावांना लोणी लावू लागली. दोन तिचे, दोन त्याचे.

“त्याच्यात मोहरी नको,” ती स्वतःशीच पुटपुटली. “त्याला चालत नाही.”

त्याला मोहरी चालत नाही हे माझ्या बायकोला माहीत आहे, एवढंच. पण ते दिवसभर माझ्या डोक्यातून गेलं नाही.

मग ‘फोल्कमार म्हणतो’ सुरू झालं. फोल्कमार म्हणतो, माणूस खोटं हसला की खालचे दात दिसतात. फोल्कमार म्हणतो, या वर्षी चेरी लवकर येणार. संध्याकाळी ती आली की मी विचारायचो, “किती लागली आज?”

“सत्याऐंशी मिनिटं.”

“मग चर्चच्या सिग्नलला अकरा जास्त गेली असणार. चारनंतर तिथे गाड्या तुंबल्या होत्या.”

“असतील,” ती म्हणायची आणि बूट काढायला वाकायची. याला मी गप्पा समजत होतो.

कामावर माझं लक्ष लागेना. पूर्वी नकाशावरची लाल रेघ म्हणजे किलोमीटर आणि मिनिटं असायची. आता ती रेघ म्हणजे एक बंद खोली झाली, आणि त्या खोलीत माझी बायको परक्या माणसाशेजारी बसलेली. मी लिहायचो, ‘आठ किलोमीटर कोंडी, साठ मिनिटं विलंब.’ मनात यायचं, घे, आणखी एक तास त्याला दिलास. सगळ्या देशाने कोंडीला शिव्या घालाव्यात, आणि फोल्कमारने मात्र त्या कोंडीवरच जगावं!

जुलैत शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागली. सुट्टीच्या पहिल्या सोमवारी रस्ते मोकळे पडले. दरीतून जेमतेम चाळीस मिनिटं लागत होती. पाच वाजता कामावरून उठण्यापूर्वी मी स्वतः आकडे पाहून आलो होतो. पावणेपाचला निघालेली आल्मुट साडेपाचपर्यंत घरी यायला हवी होती. आली सहा दहाला.

“उशीर झाला?” मी विचारलं.

“कोंडी रे. नेहमीचीच.”

तिने माझ्याकडे न बघता फ्रीज उघडला. मनात पाल चुकचुकली. रस्त्याबद्दल माझ्याशी खोटं बोलून चालत नाही, हे सव्वीस वर्षांत तिला कळलेलं असायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी सहकाऱ्याकडून संध्याकाळची पाळी मागून घेतली. आमच्या कॅमेऱ्यांनी फक्त वाहतूक बघायची, माणसांच्या जवळ जायचं नाही, हा कडक नियम आहे, आणि नव्या लोकांना तो शिकवायचो मीच. दरीतून वर चढलेला रस्ता पुन्हा महामार्गाला मिळतो, तिथून दोन किलोमीटरवर हासेलकोपचा थांबा आहे. ट्रक उभे करायला जागा, एक शौचालय आणि पलीकडे गवतात दोन बाक. पाच वीसला लाल पेटीची निळी गाडी तिथे वळली. मी कॅमेरा फिरवला, जवळ आणला.

दोघं बाकावर बसली. आमचा थर्मास मधे. आल्मुटने बूट काढले, मोजे काढले आणि पाय गवतात सोडले. ती अशी अनवाणी बाहेर बसलेली मी शेवटची कधी पाहिली, आठवेना. त्यांनी काही केलं नाही. मिठी नाही, हात नाही, फारसं बोलणंही दिसेना. दोघांत एक माणूस बसेल एवढं अंतर होतं. ते अंतर मी डोळ्यांनी मोजलं, पुन्हा मोजलं. एकदा ती पोट धरून हसली. आवाज नव्हता, नुसतं चित्र. पाऊण तासाने उठून गेली.

आमच्या घरातही शांतता असायचीच. मग त्याच्याबरोबरची शांतता अनवाणी का?

मी रोज बघू लागलो. सहा-सात आठवडे. घरी गेल्यावर विचारायचो, “किती लागली?” आणि ती सांगायची तो आकडा मुकाट्याने गिळायचो. तिचं खोटं उघडं पाडलं असतं, तर मला बघायला काही उरलं नसतं.

सप्टेंबरात एका मंगळवारी तिने त्याच्या नाकावरचा चष्मा काढला, आपल्या स्कार्फने पुसला, प्रकाशात धरून पाहिला आणि परत त्याला लावला. बस, एवढंच. माझा चष्मा ती असाच पुसायची. ते कधी थांबलं ते मला सांगता यायचं नाही. त्या रात्री आणि सकाळी माझ्या तोंडून तिच्याशी एक शब्द निघाला नाही, आणि ते तिच्या लक्षातही आलं नाही.

बुधवारी चार वाजून दहा मिनिटांनी मी महामार्गावरच्या फलकांवर लिहिलं, ‘हासेलकोप थांबा बंद.’ एक बटण. जा आता कुठे जायचं ते!

त्या दोघांचा विचार करताना मी ट्रकवाल्यांना विसरलो. तब्बल एकवीस वर्षांचा अनुभव, आणि विसरलो. त्या वेळेला लांबून आलेल्या ट्रकवाल्यांचे तास संपत आलेले असतात. ठरलेल्या तासांपुढे त्यांना गाडी हाकता येत नाही, आणि त्या टापूत हासेलकोपशिवाय दुसरी जागा नाही. साडेचारला लिथुआनियाहून आलेला एक म्हातारा चालक दरीतून वर येणाऱ्या चढावरच थांबला. इंजिन बंद केलं, पडदा ओढला. त्याच्यामागे अकरा ट्रक. चढ बंद झाला. चढामागे गाव तुंबलं, गावामागे दरी. पाच वाजता माझ्या समोरची रेघ विंकलबाखपर्यंत लाल झाली. एका रुग्णवाहिकेला फुटपाथवरून काढावं लागलं. आणि त्या लाल रेघेत कुठेतरी मधोमध एक निळी गाडी होती. मी त्यांचा पाऊण तास हिसकायला गेलो आणि त्यांच्या पदरात तीन तास टाकले.

पाळीप्रमुख तेवेसबाई माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या.

“हासेलकोप कुणी बंद केला?”

“मी.”

“कशासाठी?”

“सफाई...”

“सफाईची नोंद नाही.” त्यांनी वाकून फलकावरची सूचना काढून टाकली, पोलिसांना फोन लावला, आणि मग कॅमेऱ्याच्या जुन्या हालचालींची नोंद उघडली. बराच वेळ बघत राहिल्या. “प्योलर, हा कॅमेरा रोज पाच वीसला त्या बाकाकडे का वळतो?”

मी कॅमेरा रस्त्याकडे वळवला.

“कोण बसतं तिथे?”

“माझी बायको.”

तेवेसबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. “घरी जा,” त्या म्हणाल्या. “हे मला वर कळवावंच लागेल. आणि उद्यापासून या खोलीत येऊ नका.”

मी स्वयंपाकघरात बसून राहिलो. बटाटे सोलले, उकडले, ते निवले. रेडिओवर दुसऱ्या कुणीतरी लिहिलेल्या ओळी वाचत होते. सव्वाआठला दार वाजलं. आल्मुट थकलेली होती, पण चेहऱ्यावर हसू होतं.

“ऐकलंस का? कुणीतरी चुकीचा फलक लावला म्हणे. कोण रे तो गाढव?”

“मी.”

“काय मी?”

“तो गाढव. चुकून नाही लावला.”

ती कोट तसाच अंगावर ठेवून खुर्चीत बसली. मी सगळं सांगितलं. कॅमेरा, बाक, थर्मास, चष्मा.

“किती दिवस?”

“जुलैपासून.”

“आणि रोज मला विचारत होतास, किती लागली म्हणून?”

“तू पण खोटं सांगत होतीस.”

“हो, सांगत होते.” तिचा आवाज चढला. “दिवसभर मी नळ्या मोजते, आकडे लिहिते. घरी आले की तू मिनिटं मोजतोस. मधे पाऊण तास असा होता की कुणी काही मोजत नव्हतं. तो पण तू मोजलास, एकहार्ट. वरून, कॅमेऱ्यातून!”

“तुझं त्याच्यावर प्रेम आहे?”

तिने कोटाची बटणं एकेक करून सोडली.

“माहीत नाही,” ती म्हणाली. “खरंच माहीत नाही. त्याच्या गाडीत बसायला मला आवडतं. आणि मी उद्याही त्याच्याच गाडीतून जाणार आहे. तुला काय करायचं ते कर.”

मी काय करणार होतो? लेखी ताकीद मिळाली, दंड बसला, आणि माझी बदली पुलांची जुनी कागदपत्रं लावायच्या खात्यात झाली. ते खातं विंकलबाखला. म्हणजे आता मीही रोज त्याच दरीतून, त्याच कोंडीत, एकटा. कधी कधी पंधरा-वीस गाड्यांपुढे ती लाल पेटी दिसायची. ती पुढे सरकली की मी सरकायचो, थांबली की थांबायचो. गावातल्या बायका खिडक्यांतून आमच्याकडे बघायच्या. सव्वा तास किती लांब असतो, हे मला एकवीस वर्षं लोकांना सांगूनही ठाऊक नव्हतं. संध्याकाळी मी हासेलकोपवरून मान न वळवता सरळ घरी यायचो, आणि ती पाऊण तासाने यायची. आता ती कारण सांगत नव्हती आणि मी विचारत नव्हतो.

जानेवारीत फोल्कमारने विंकलबाखला घर भाड्याने घेतलं. त्या वर्षी बरेच जण दरी ओलांडून तिकडे राहायला गेले, त्यातलाच तो एक. सामान नेताना तो आमच्या दारात आला. त्याला सगळं माहीत होतं.

“तुमचा राग नाही माझ्यावर,” तो मला म्हणाला, “असं तुम्ही म्हणू नका. असला पाहिजे.”

“आहे,” मी म्हटलं.

“हं,” तो म्हणाला, आणि मान पुढे काढून निघून गेला.

त्या संध्याकाळी आल्मुट न्हाणीघरात नळ सोडून रडली. दाराबाहेर उभा राहून मी तिच्या रडण्यावर जळत होतो. माझ्यासाठी ती अशी कधी रडली होती?

सोमवारी सकाळी ती माझ्या गाडीशी येऊन उभी राहिली. “दोन गाड्या कशाला,” एवढंच म्हणाली. पहिले तीन दिवस आम्ही रेडिओ ऐकला. चौथ्या दिवशी परतताना हासेलकोपची पाटी आली आणि मी धीर करून इंडिकेटर दिला.

“इथे नको,” ती म्हणाली.

“बरं.”

“ती जागा राहू दे.”

मी इंडिकेटर बंद केला. गाडी सरळ नेली.

शुक्रवारी दरीत पुढचं काहीच हलत नव्हतं. समोर एका ट्रकचं मागचं दार, काचेवर बारीक बर्फ. तिने रेडिओ बंद केला.

“काहीतरी विचार ना,” ती म्हणाली.

“काय विचारू?”

“काहीही. मिनिटं सोडून.”

मी वायपर फिरवला. मग म्हटलं, “तू जे रक्त तपासतेस, ती माणसं तुला कधी दिसतात का?”

ती थोडी वळून बसली. “नाही. पण ओळखीची होतात. एक बाई आहे, एक्याऐंशी वर्षांची, दर सोमवारी तिची नळी येते. चेहरा कधी पाहिला नाही. पण तिचा आकडा उतरला ना, की मला रात्री जेवण जात नाही.”

“किती दिवस झाले?”

“चार वर्षं.”

चार वर्षं अशा सोमवारी माझ्यासमोर बसून ती जेवली नव्हती, जेवल्यासारखं केलं होतं, आणि मला पत्ता नव्हता. तोंडातून निघून गेलंच, “हे त्याला सांगितलं होतंस?”

“हो,” ती म्हणाली. “त्याला आधी.”

ट्रक दोन हात पुढे सरकला. मी गाडी पहिल्या गिअरमध्ये घातली, दोन हात पुढे घेतली, थांबवली.

“मग?” मी म्हटलं. “या सोमवारी कसा होता तिचा आकडा?”