खिडकीतली नणंद

"मोठ्याने बोल गं वहिनी, मास्कमधून काही कळत नाही!" नेरिस काचेआडून ओरडली.

डेलिथने मागे पाहिलं. जमिनीवरच्या पट्ट्यांवर पाच जण अंतर राखून उभे होते आणि पाचांचेही कान इकडेच. सगळं गावच ओळखीचं. लपवायचं तरी कुणापासून!

बारा वर्षं तिने मात्र लपवलं होतं. एचआयव्हीच्या गोळ्यांसाठी दर सहा महिन्यांनी ती कार्डिफच्या मोठ्या इस्पितळात जायची आणि सांगायची, पडदे आणायला चाललेय. एवढ्या पडद्यांत अख्खी गल्ली झाकली गेली असती! पण करते काय? गावच्या दवाखान्याच्या खिडकीत सख्खी नणंद, आणि तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. शिवाय नेरिसचा भाऊ, म्हणजे डेलिथचा नवरा ग्विन, न्यूमोनियाने गेला असंच घरात सगळे धरून चालले होते. जाताना त्यानेच कुणाला न सांगण्याचा शब्द घेतला होता.

पण काल कार्डिफच्या नर्सने फोनवर खडसावलं. "तुमच्या रोगाशी लढणाऱ्या पेशी कमी आहेत. करोना झाला तर जड जाईल. गावच्या डॉक्टरांकडे आजाराची नोंद करा, लस लवकर मिळेल. नाहीतर बसा वयाचा नंबर येईपर्यंत." डेलिथ चौपन्नची. समोरच्या घरातले नवरा-बायको जानेवारीतच करोनाने गेले होते. आपल्याला अजून जगायचंय, याची तिला जराशी लाजच वाटली.

"अगं, सर्दी आहे की लघवीचं काही?" नेरिसने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

डेलिथने पिशवीतून कार्डिफचं पत्र काढलं आणि काचेला टेकवलं.

नेरिसने वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. निदानाच्या तारखेपाशी तिचं बोट थांबलं. ग्विन गेला तोच महिना.

"दादा पण?" तिने काचेजवळ तोंड आणून हळूच विचारलं.

डेलिथने होकारार्थी मान हलवली. नेरिसचे डोळे भरून आले. तिने कीबोर्ड पुढे ओढला आणि पत्रातल्या आजाराची जशीच्या तशी नोंद टाइप केली.

"दमा आहे हे आधी नाही का सांगायचं, वहिनी!" ती खणखणीत आवाजात म्हणाली. "गुरुवारी दहा चाळीसला ये लसीला. आणि तो कागद खाली घे."

"डेलिथला दमा?" मागून म्हातारा इमलिन म्हणाला. "मला नव्हतं बुवा ठाऊक."

"आमच्या घरात तरी कुठे कुणाला ठाऊक होतं," नेरिस म्हणाली, आणि तिने पुढच्याला बोलावलं.