निळा पडदा कुणी उघडला?

मित्रांनो, माझा पांढरा डबा आता पिवळा पडला आहे आणि पोटात बोटभर धूळ साचली आहे. मी एक जुना कॉम्प्युटर. शिरूरच्या मिशन कंपाउंडात ख्रिस्ती मंडळीची एक खोली आहे, तिथे मी राहतो. जन्म कारखान्यातला, पण शहाणपण आले ते इथे, कीर्तन ऐकून. कीर्तन करणाऱ्या प्रेमाबाई पेटीवर बोटे ठेवून आख्यान सांगत आणि मंडळीतली एक पोर, ब्लेसी, ते माझ्यावर टाईप करी. टाळ वाजू लागले की माझा पंखासुद्धा त्या ठेक्यात फिरतो, असे मला वाटे. देवाचे नाव कानी पडत राहिले, आणखी काय हवे?

तरीही खरे सांगतो, मी संशयी आहे. हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन येणाऱ्या माणसाला बघून माझ्या आतले तारांचे जाळे थरथरते. आणि खोली सांभाळणारे आमचे योसेफमामा तर माझ्याहून संशयी. खोलीला कुलूप लावून ते ओढून बघायचे, फाटकापर्यंत जायचे आणि परत येऊन पुन्हा ओढायचे!

गोष्ट २००५ च्या उन्हाळ्यातली. लोडशेडिंगचे दिवस. रविवारच्या कीर्तनासाठी बायबलातल्या बन्यामिनाचे आख्यान टाईप करून झाले होते. त्याच्या गोणीत प्याला लपवतात आणि मग त्याच्यावरच चोरीचा आळ घेतात, ते. त्या दुपारी लाईट भसकन आली, गेली, आली, आणि माझ्या आठवणीत कचरा शिरला. सुरू केले की मी नुसता कण्हायचो. पडदा काळा.

"ह्याला कुणी हात लावला?" मामांनी विचारले.

"मामा, घड्याळ मागं पडलं हुतं," ब्लेसी म्हणाली. "सेटिंगचा निळा पडदा उघडून तेवढं नीट केलं. दुसरं काय न्हाई."

"म्हंजी निळा पडदा उघडला!" मामांनी तेवढेच ऐकले.

दौंडहून डॅनी मेकॅनिक आला. माझ्या पोटात नाण्याएवढा एक सेल असतो. मूळ सेटिंग मी त्याच्या जोरावर लक्षात ठेवतो. तो काढला आणि वीज पूर्ण तुटली, की मी सगळे विसरतो आणि नव्यासारखा होतो. आता आमच्याकडची रीत अशी, की विजेच्या वस्तूला हात लावायचा तर लाईट जायची वाट बघायची. बटणापेक्षा लोडशेडिंगवर लोकांचा भरवसा जास्त. लाईट गेली, डॅनीने सेल काढून खिशात टाकला आणि चहा प्यायला. लाईट आल्यावर सेल बसवला. मी पुन्हा कण्हलो.

दुसऱ्या दिवशी सेल दुपारभर बाहेर. तरी तेच. मला विसर पडतच नव्हता, मित्रांनो! पाठीमागून कुठूनतरी विजेची बारीक धार येत होती. मला दाट संशय होता, पण सांगणार कसे?

"सेल काढूनबी बिघाड जात न्हाई," डॅनी घाम पुसत म्हणाला. "कुणीतरी आतून काहीतरी करून ठेवलंय, मामा."

तेवढ्यात लाईट पुन्हा गेली. उन्हामुळे खिडक्या लावलेल्या, खोलीत अंधार. मामांनी हात पुढे केला. "ब्लेसी, खोलीची चावी ठिव हितं. रविवारी मंडळीपुढं इचारू."

"योसेफ, आख्यान गेलं तर जाऊ दे, माझ्या तोंडात हाय," प्रेमाबाई म्हणाल्या. "पोरीचं नाव गेलं तर ते कुठनं आणायचं?"

मामा हलले नाहीत. ब्लेसीने गळ्यातल्या दोऱ्यातून चावी सोडवली आणि टेबलावर ठेवली. ठेवताना तिचा हात माऊसला लागला. तो उलटला, आणि त्याच्या पोटातला तांबडा उजेड भिंतीवर पडला.

मामांचे डोळे बारीक झाले.

"डॅनी, लाईट गेलीय ना?"

"गेलीय की."

"मग ह्यो कशावर जळतोय?"

डॅनी टेबलाखाली शिरला. पेटीच्या खोक्यामागे यूपीएस होता, लाईट गेल्यावर वीज पुरवणारा बॅटरीचा डबा. माझा प्लग त्यातच होता. तो गपचूप मला पाजत होता.

"आरं, पण लाईट गेली की ह्यो कोकलतो की!" मामा म्हणाले.

डॅनी टेबलाखालूनच बोलला, "कोकलायचा. नाताळच्या कीर्तनात मधीच टी-टी करायला लागला, तवा तुम्हीच म्हणला, ह्याचं तोंड बंद कर. मीच आतला बझर काढला न्हाई का?"

प्रेमाबाई पदराआड हसल्या. "घ्या! आन् आपण पोरीची गोणी तपासत बसलो."

डॅनीने प्लग उपटला, सेल काढला. मी शांतपणे सगळे विसरलो. सेल बसवून पुन्हा सुरू केले तेव्हा लाईट आली होती. मी एकदाच स्वच्छ आवाज दिला आणि पडदा उजळला. आख्यान हार्ड डिस्कवर वेगळे साठवलेले, म्हणून ते जागेवर होते. फक्त घड्याळ माझ्या जन्मसालात जाऊन बसले होते. ते लावायला डॅनीने हात पुढे केला.

"थांब," मामा म्हणाले. चावी उचलून त्यांनी ब्लेसीच्या हातात ठेवली. खाली बघतच म्हणाले, "तो निळा पडदा उघड, बाळा. घड्याळ लाव."

मित्रांनो, आता माझ्यावर पेटीचे जुने कापड घातलेले असते. एवढेच मागतो, की काही बिघडले तर आधी वायर हाताने शेवटपर्यंत चाचपत जा. माणसाकडे बोट दाखवायची घाई करू नका. आणि जमले तर माझी धूळ पुसा.

मामा अजून कुलूप ओढून बघतात. पण ते लावते ब्लेसी.