तपकिरी कागदातली शेळी

मित्रांनो, पुस्तकाला वय विचारू नये, पण माझी पाठच सगळं सांगून टाकते. मी एक जुनं, चिकटपट्टी लावलेलं स्पॅनिश चित्रांचं पुस्तक आहे. पोहायला शिकायचंच असा हट्ट धरलेल्या एका शेळीची गोष्ट माझ्या पोटात आहे. जन्म स्पेनमधला, नोकरी मात्र नेदरलँड्समध्ये, रायस्वाइकच्या एका छोट्या वाचनालयात.

परभाषांच्या कपाटात माझा मोठा रुबाब होता. पेरू, कोलंबिया, स्पेन, कुठून कुठून आलेल्या घरांतली मुलं मला सायकलच्या टोपलीतून घरी न्यायची. एक बाबा तर शेळीचा आवाज असा हुबेहूब काढायचे, की शेजारी भिंत ठोकायचे. हाताळून हाताळून माझी पाठ उसवली. त्याचं मला दुःख नव्हतं.

मग चित्रामावशी कामाला लागली. नवऱ्याच्या नोकरीमागे ती इथे आली, आणि आता आठवड्यातले तीन दिवस वाचनालयात असते. स्पॅनिशचा तिला गंध नाही, पण पुस्तकाला चुकून पाय लागला तर नमस्कार करणारी बाई ती. तिने माझी पाठ चिकटवली, आणि लहानपणी दर जूनमध्ये वह्या-पुस्तकांना घालायची तसं तपकिरी कागदाचं कव्हर मला घातलं. वर पांढरं लेबल, त्यावर मोत्यासारख्या अक्षरात माझं नाव. इतकं कौतुक माझं कधी कुणी केलं नव्हतं.

पण त्या दिवसापासून मला कुणी हात लावेना. पाच वर्षांच्या मुलाला लेबल वाचता येत नाही हो. शेळी दिसली तर ते थांबणार, आणि शेळी तर कागदाआड बसलेली. अशी दोन वर्षं गेली. दोन वर्षांत कुणी नेलं नाही, की पुस्तकावर शिक्का मारून ते रद्दीत टाकायचं, असा इथला नियम. यादी निघाली. माझं नाव तिसरं होतं, मुदत शनिवारपर्यंतची. खरं सांगतो, मी घाबरलो.

त्या शनिवारी स्पॅनिश गोष्टींचा तास होता. गोष्टी वाचायला पेरूच्या नेलिदाबाई यायच्या, सोबत त्यांची पाच वर्षांची माइते. माइते घरीही डचच बोलायची. पेरूहून फोनवर आजी स्पॅनिशमध्ये काही विचारायची आणि ही नुसती बघत राहायची.

तास चालू असताना चित्रामावशीने यादी बघून मला कपाटातून काढलं. शेजारी तिची आठ वर्षांची इरावती उभी होती.

"बघ ना इरा, एवढं नीट कव्हर घातलं होतं मी. तरी कुणी नेलं नाही."

"बट आई, इट लुक्स लाइक अ फाइल," इरावती म्हणाली. "पिक्चर कुठंय?"

मावशीने मला उलटसुलट करून पाहिलं. मग तिने स्वतःच्या हाताने, हळूहळू तो कागद सोडवला. लाल टोपी घातलेली माझी शेळी दोन वर्षांनी उजेडात आली. मावशीने मला मुलांसमोरच्या टेबलावर उभं केलं.

माइते आईच्या मांडीवरून उतरली आणि सरळ माझ्याकडे आली.

"काब्रा," ती म्हणाली. काब्रा म्हणजे शेळी.

नेलिदाबाईंचं वाचन थांबलं. त्यांचे डोळे भरून आले होते. माइतेने मला पोटाशी धरलं, ते घरी पोचेपर्यंत सोडलं नाही.

आता दर रविवारी ती फोनसमोर माझी पानं उलटते आणि आजीला शेळीची गोष्ट सांगते. कुठे अडली तर आजी शब्द पुरवते. बाराव्या पानावर केळ्याचा डाग पडला आहे. मुदत वाढवायला वाचनालयात गेलो तेव्हा मावशीला तो दिसला. तिने खण उघडला, तपकिरी कागद बाहेर काढला, क्षणभर हातात धरला, आणि परत ठेवून दिला.

मित्रांनो, माझी पाठ उसवली तर जरूर चिकटवा. पण माझी शेळी झाकू नका. कुणाची तरी आजी तिकडे वाट बघत असते.